दुसरा वास

धाकटा भाऊ बाटली घेऊन येणार होता त्या दिवशी नाकसाहेबांनी सकाळपासून दोनदा दाढी केली आणि दोनदा बायकोवर ओरडले. एकदा टेबलावरचं कापड वाकडं आहे म्हणून आणि एकदा तिने ते सरळ केलं म्हणून. बायकोने चाळीस वर्षं या माणसाबरोबर काढलेली. तिने मासा ओव्हनमध्ये सरकवला आणि बटाटे सोलायला घेतले.

नाकसाहेब हे नाव कारखान्यातल्या लोकांनी ठेवलेलं, आणि ते असं चिकटलं की निवृत्त झाल्यावरही सुटलं नाही. वाईनच्या कारखान्यात चौतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. वास घ्यायचा, घोटभर तोंडात फिरवून थुंकायचं आणि निकाल द्यायचा: ठेवायची, विकायची, दुसरीत मिसळायची की ओतून द्यायची. तळघरात नवीन माणूस आला की पहिल्याच दिवशी त्याला त्यांचं एक वाक्य ऐकावं लागे. "वास एकदाच घ्यायचा. दुसऱ्यांदा घेतो तो पहिल्यांदा चुकलेला असतो." आणि खरंच, एका ग्लासात दुसऱ्यांदा नाक घातलेलं त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. नाकावर माशी म्हणून बसू द्यायचे नाहीत. साहेब नाकाने कांदे सोलतात, असं लोक पाठीमागे म्हणायचे. पण मालकासकट सगळे त्यांच्या निकालाची वाट बघत हात बांधून उभे राहायचे, हेही तितकंच खरं.

धाकट्याचा फोन आठवड्यापूर्वी आला होता. दोघा भावांचं बोलणं म्हणजे लग्नात नाहीतर मयतीला भेट झाली तर "कसा आहेस" आणि "बरा आहे", एवढंच उरलं होतं. त्यामुळे फोनवर त्याचा आवाज ऐकून त्यांना आधी वाटलं, कुणीतरी गेलं.

"दादा, ती बाटली अजून आहे माझ्याकडे," धाकटा म्हणाला. "तुझ्या घरी येऊन उघडावी म्हणतो."

"कुठली बाटली?" त्यांनी विचारलं. विचारतानाच त्यांना ठाऊक होतं.

"सात नंबरची."

सात हा टाकीचा नंबर. अठरा वर्षांपूर्वी त्या टाकीत धाकट्याने स्वतःच्या हाताने केलेली चार हजार लिटर पांढरी वाईन होती. नाकसाहेबांनी ती एका वासात नापास केली आणि नालीत सोडायला लावली. धाकट्याची नोकरी त्याच दुपारी गेली. तो निकाल त्यानंतर कुणी उकरून काढला नव्हता. आता बाटली उघडली की तो पुन्हा लागणार होता, आणि आठवडाभर नाकसाहेब मनातल्या मनात एकच मागणं मागत होते: वाईन खराब निघू दे. उभ्या आयुष्यात कुठल्याही वाईनबद्दल त्यांनी असं मागणं मागितलं नव्हतं.

धाकटा ठरल्या वेळेच्या दहा मिनिटं आधीच आला. पन्नाशी ओलांडलेला, केस पिकलेले, तरी दादासाठी तो छोट्याच. बाटली त्याने जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळली होती आणि दोन्ही हातांनी उभी धरली होती.

"बसमध्ये उभा राहून आलो," तो म्हणाला. "बसलं की मांडीवर हिंदकळते. तीन दिवस उभीच ठेवलीय, गाळ खाली बसावा म्हणून."

"आधी तुम्ही आत या, भावोजी," बायको म्हणाली. "बाटलीचं कौतुक नंतर."

त्याने बाटली टेबलाच्या मधोमध ठेवली आणि स्वेटर सोलून काढावा तसा हळूहळू काढला. लेबल नव्हतंच. काचेवर रंगाच्या पेनने सात लिहिलेला, तोही अर्धा पुसलेला. नाकसाहेबांनी ते धाकट्याचं अक्षर ओळखलं. शाळेत असताना त्याच्या सातांची शेपटी जास्त लांब जाते म्हणून त्यांनीच त्याला धपाटे घातले होते.

"काही करपतंय का हो?" बायकोने स्वयंपाकघराकडे मान वळवून विचारलं. "भावोजी, तुम्हाला वास येतोय का?"

"मला नका विचारू, वहिनी," धाकटा म्हणाला. "मला वासच येत नाही."

त्याने हे इतक्या सहज सांगितलं की दोघांना आधी ती थट्टा वाटली. मग तो खुर्चीवर बसला आणि नीट सांगू लागला. दोन वर्षांपूर्वी त्याला मोठा ताप आला. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर पहिलं वर्षभर म्हणाले, येईल. आता ते नुसतं खांद्यावर हात ठेवतात.

"म्हणजे जेवणाची चव?" बायकोने विचारलं.

"गोड, खारट, आंबट, तिखट कळतं. बाकी सगळा पुठ्ठा."

"मला कळवलं नाहीस," नाकसाहेब म्हणाले.

"कळवून काय होणार होतं? तुझ्याकडे काय दोन आहेत?"

बायको हसली. नाकसाहेबांना हसू आलं नाही. "मग ही उघडायची तरी कशाला?" त्यांनी विचारलं.

धाकट्याने बाटली एक बोटभर वळवली, सात त्याच्याकडे आला. "दोन भरल्या होत्या मी, दादा. टाकी सोडायच्या आधी, नमुन्याच्या नळाने. एक त्याच आठवड्यात रागाने भिंतीवर फोडली. ही ठेवली. दरवर्षी म्हणायचो, यंदा उघडू. पण खराब निघाली असती तर? मग मी रागवायचं कुणावर? म्हणून थांबलो. थांबण्यात मी पक्का आहे, तुला माहीत आहे. आणि थांबता थांबता नाकच गेलं." तो जरासा हसला. "आता मी उघडली तर पाणी आणि ही, मला सारखंच. तूच वास घे. तुझ्याइतकं खरं नाक मी अजून कुठे पाहिलं नाही. तू म्हणशील ते मला मान्य. खराब म्हणालास तर खराब. विषय संपला."

झालं. नाकसाहेबांना आता काही करायचंच नव्हतं. वाईन कशीही निघो, त्या घरात ती कळणारं नाक एकच होतं. बायको वर्षातून दोनदा ग्लासभर घ्यायची आणि छान आहे म्हणायची, मग ती व्हिनेगर का असेना. एक शब्द उच्चारला की सुंठीवाचून खोकला जात होता. तरी धाकट्याच्या त्या विश्वासाचा त्यांना रागच आला.

बूच जुनं होतं. स्क्रू फिरवला असता तर भुगा झाला असता, म्हणून त्यांनी दोन पात्यांचा चिमटा आणला, पाती बुचाच्या दोन्ही बाजूंनी आत सरकवली आणि हलवत हलवत वर ओढलं. हात सरावाचे होते. तरी अर्ध्यात बूच तुटलं, आणि उरलेला तुकडा काढायला पाच मिनिटं गेली. धाकटा त्यांच्या बोटांकडे बघत होता. शेवटचा तुकडा निघाला तसा त्याने नाकपुड्या फुलवून श्वास घेतला, सवयीने, आणि मग मान खाली घातली.

त्यांनी दोन बोटं वाईन ग्लासात ओतली. रंग त्यांनी पांढऱ्या कापडासमोर धरून पाहिला. चहासारखा तपकिरी असता तर वास घ्यायचीही गरज नव्हती. तसा नव्हता. घासलेल्या पितळेचा होता, स्वच्छ. त्यांनी ग्लास एकदा फिरवला आणि नाक आत घातलं.

जळकी काडी. नुकतीच ओढून विझवलेल्या काडीचा तो तिखट, गंधकाचा वास सरळ टाळूपर्यंत चढला. तोच. अठरा वर्षांपूर्वीचा तोच वास, तसूभर न बदललेला.

"गेली," ते म्हणाले.

शब्द कसा नेहमीसारखा आला, लहान आणि कोरडा. धाकट्याने मान हलवली.

"काडी ओढल्यासारखा वास?" त्याने विचारलं.

"हो."

"त्या वासाच्या मागे काही?"

"मागे काही नाही."

"मग जेवून घेऊ," धाकटा म्हणाला. "तासभर उघडी राहू दे. तेव्हाही मी हेच म्हणालो होतो."

बायकोने मासा आणला. टेबल लहान, बाटलीला जागा होईना, तेव्हा तिने ती उचलून स्वयंपाकघराच्या खिडकीत नेऊन ठेवली. तिला बिचारीला काय माहीत, खिडकी या शब्दाशी तिच्या नवऱ्याचं काय वैर आहे ते.

त्या वर्षी काय झालं होतं ते आता सांगायलाच हवं. धाकटा दादाच्याच हाताखाली अकरा वर्षं तळघरात होता, टाक्या बघायचा. त्याच्या डोक्यात एक खूळ शिरलं होतं. पांढरी वाईन तिच्या गाळावरच ठेवायची, ढवळायची नाही, औषधं घालायची नाहीत, नुसतं थांबायचं. मालकाने त्याला एक टाकी दिली. दिली ती दिली, वर चारचौघांत म्हणाला, "बघू या, धाकटं नाक थोरल्याच्या पुढे जातं का." मालक गमतीने म्हणाला होता. नाकसाहेबांच्या नाकाला मात्र मिरच्या झोंबल्या, आणि वर्षभर त्या झोंबत राहिल्या.

पुढच्या हंगामाची द्राक्षं आठवड्यावर आली आणि टाक्या रिकाम्या करायची वेळ आली. सातची नमुन्याची बाटली आली, मालक आणि तळघरातली सगळी माणसं भोवती उभी राहिली. नाकसाहेबांनी वास घेतला. जळकी काडी. "गेली," ते म्हणाले. धाकटा म्हणाला, "दादा, कोंडलेली आहे ती. तासभर हवेवर ठेव, मग बघ." नाकसाहेब म्हणाले, "मी वास एकदाच घेतो." सगळे हसले. मालकाने घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "सोडा."

लोकांना माहीत आहे ते इतकंच. धाकट्याला हाकललं, ते मालकाने. बाकीच्या कारखान्यांनी त्याला घेतलं नाही, कारण प्रत्येकाने आधी नाकसाहेबांना फोन करून विचारलं, आणि नाकसाहेब प्रत्येकाला म्हणाले, "माणूस चांगला आहे, पण..." त्या पणपुढे त्यांनी कधी काही म्हटलं नाही. म्हणायची गरज पडली नाही. शेवटी धाकटा काचेच्या कारखान्यात लागला. पट्ट्यावरून रिकाम्या बाटल्या येतात, त्या दिव्यासमोर धरून तडा बघायचा. आजही तो तेच काम करतो.

आणि एक गोष्ट कुणालाच माहीत नव्हती. टाकीचा व्हॉल्व्ह उघडल्यावर नाकसाहेबांनी नळाखाली एक ग्लास धरला होता. का, ते त्यांना आजतागायत सांगता आलेलं नाही. तो ग्लास त्यांनी वरच्या मजल्यावर प्रयोगशाळेच्या खिडकीत ठेवला आणि कागदपत्रं बघत बसले. खालून पाणी सोडल्यासारखा आवाज येत होता. तासाभराने ते उठले आणि खिडकीजवळ गेले. काडीचा वास पार गेला होता. ग्लासातून जे वर येत होतं ते इतकं सुरेख होतं की त्यांनी डोळे मिटले. मग डोळे उघडले, ग्लास बेसिनमध्ये रिकामा केला, साबणाने धुतला, पुसला आणि जागेवर ठेवला. आवाज अजून येतच होता.

तेव्हापासून एक आधार त्यांनी धरून ठेवला होता. तासाने उमललेली वाईन अठरा वर्षांनी टिकलेलीच असेल असं थोडंच आहे? किती पांढऱ्या वाईन पाच वर्षांत माना टाकतात. ही मेलेली निघाली तर "खराब" हा शब्द आज तरी खरा ठरेल. खोटं बोलावं लागणार नाही. चांगल्या माणसाने खोटं बोलायचं टाळण्यासाठी किती वाईट इच्छा धरावी, याला काही सुमार असतो. नाकसाहेबांना तो राहिला नव्हता.

जेवण चाललं होतं. धाकटा मासा खात होता आणि वहिनीला काचेच्या कारखान्यातले किस्से सांगत होता. तिथे एक मुकादम होता, त्याला म्हणे बाटलीच्या आवाजावरून तडा कळायचा. बायको भांडली की घरातल्या सगळ्या बरण्या वाजवून बघायचा. वहिनी पदर तोंडाला लावून हसत होती. नाकसाहेबांनी बटाट्याचे तुकडे केले, मग त्या तुकड्यांचे तुकडे केले. धाकटा मधूनच भिंतीवरच्या घड्याळाकडे बघे. एकदाही त्याने दादाला टोचून बोलायची संधी घेतली नाही, आणि ते जास्त लागलं.

"पाणी संपलं," नाकसाहेब म्हणाले आणि भरलेला जग घेऊन उठले.

स्वयंपाकघरात खिडकीतून उजेड बाटलीवर पडला होता. ते लगेच जवळ गेले नाहीत. जायची गरजच नव्हती. दोन पावलांवरच त्यांना कळलं. तरी त्यांनी फळीवरचा रिकामा ग्लास घेतला, त्यात थोडी ओतली आणि नाक आत घातलं. दुसऱ्यांदा.

भाजलेल्या पावाच्या कडेचा वास. मग मध, फार गोड नव्हे असा. मग वाळलेली लिंबाची साल. आणि सगळ्याच्या मागे ओल्या दगडाचा, तळघराच्या पायऱ्या धुतल्यावर यायचा तसा. मेलेली कसली, तिच्यापुढे त्यांच्या स्वतःच्या गाजलेल्या सगळ्या वाईन पोरकट वाटाव्यात अशी ती होती. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते भावासाठी की वाईनसाठी हे त्यांना कळलं नाही.

मग त्यांनी बाटली उचलली. सिंक शेजारीच होतं. हात बाटलीच्या मानेवर होता आणि बाटली कधी तिरकी झाली ते त्यांनाच समजलं नाही. निसटली म्हणता आलं असतं. म्हाताऱ्या माणसाच्या हातून निसटतं. बाहेर धाकटा पुन्हा हसला.

"काय करताय?" बायको रिकाम्या ताटल्या घेऊन दारात उभी होती.

"पाणी घेतोय."

"बाटलीतून?" तिने विचारलं. जग ओट्यावर होता, काठोकाठ भरलेला. तिने तिरक्या बाटलीकडे पाहिलं, सिंककडे पाहिलं, नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. "तास झाला," ती म्हणाली. "ते वाट बघताहेत."

त्यांनी बाटली सरळ केली आणि बाहेर नेली. धाकट्यासमोर ग्लास ठेवला, स्वतःसमोर ठेवला, दोन्हींत ओतली. खुर्चीत बसले. धाकट्याचे दोन्ही हात टेबलाच्या कडेवर होते.

"चांगली आहे," नाकसाहेब म्हणाले.

"किती चांगली?"

"छोट्या, चौतीस वर्षांत अशा मी तीन चाखल्या असतील. चार म्हण. त्यातली एकही माझी नव्हती."

धाकट्याचा खालचा ओठ हलला. त्याने ग्लास उचलला, नाकापाशी नेला, मग तिथेच थांबला. "वास सांग," तो म्हणाला. "एकेक सांग. घाई करू नकोस."

नाकसाहेबांनी सांगितला. पावाची कड म्हणाले, की धाकट्याने घोट घेतला आणि डोळे मिटले. मध म्हणाले, तेव्हा दुसरा. लिंबाची साल म्हणाले, तेव्हा म्हणाला, "आंबट लागतेय. हो, आंबट लागतेय मला." ओला दगड सांगितला तेव्हा त्याने डोळे उघडले.

"तळघराच्या पायऱ्या?"

"त्याच."

धाकटा रडला. आवाज न करता, हसत हसत. वहिनीने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तीही रडायला लागली, तिला त्यातलं अर्धंही ठाऊक नसताना. बाटली अर्धी झाली होती. धाकट्याने नाक पुसलं आणि म्हणाला, "अठरा वर्षं तुला मनातल्या मनात शिव्या घातल्या, दादा. पट्ट्यासमोर उभा राहून. प्रत्येक बाटलीला एक. पण खरं सांगू? आज सगळं उतरलं. चूक कुणाचीही होते. तुझ्या नाकाने तुला फसवलं, तू मला नाही फसवलंस. तू काय मुद्दाम केलंस?"

त्याने ग्लास पुढे केला. नुसता टेकवायचा होता. टेकवला असता तर दोन भाऊ पुन्हा भाऊ झाले असते, सणासुदीला, बारशाला, आजारपणाला एकमेकांकडे गेले असते. त्यासाठी नाकसाहेबांनी काही करायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. आणि गप्प बसण्यात त्यांचा अठरा वर्षांचा सराव होता. बायको त्यांच्याकडे बघत होती. मगाशी सिंकपाशी बघितलं तशीच.

"मी दुसऱ्यांदा वास घेतला होता," ते म्हणाले.

"आत्ता? स्वयंपाकघरात? अरे, मग काय झालं," धाकटा हसला.

"तेव्हा. त्याच दिवशी." त्यांचा आवाज फाटला. "सोडताना एक ग्लास भरून घेतला होता. वर खिडकीत ठेवला. आणि मग वास घेतला. हाच होता. जरा कच्चा. पण हाच."

धाकट्याचा ग्लास पुढे केलेलाच राहिला. "किती वेळाने?" त्याने विचारलं.

"तासाने."

अकरा वर्षं टाक्या बघितलेला माणूस होता तो. त्याला कागद लागला नाही. "सात नंबरला रिकामं व्हायला दोन तास लागायचे," तो म्हणाला. "म्हणजे अर्धी होती अजून."

"हो."

"मी खालीच होतो, दादा. नालीपाशी. संपेपर्यंत उभा होतो." तो हळू बोलत होता, जणू त्यालाच आत्ता ते दिसत होतं. "तू खिडकीतून नुसती हाक मारली असतीस तरी मी व्हॉल्व्ह बंद केला असता."

"मालक होता. सगळे होते. मला... माझं नाक कापलं गेलं असतं, छोट्या."

धाकट्याने ग्लास खाली ठेवला. बुचाचे दोन तुकडे टेबलावर पडले होते, त्यातला धड असलेला त्याने उचलला, बाटलीच्या तोंडात दाबून बसवला, आणि बाटली स्वेटरमध्ये गुंडाळू लागला. बाही आधी, मग दुसरी बाही, मग गाठ. घाई नव्हती.

"ही अर्धी मी नेतो," तो म्हणाला. "कुणाला तरी देईन. ज्याला वास येतो अशा कुणाला तरी."

"छोट्या," नाकसाहेब म्हणाले.

"वहिनी, जेवण छान होतं. म्हणजे मला कळलं नाही, पण गरम होतं." त्याने वाकून तिला नमस्कार केला, बाटली दोन्ही हातांनी उभी धरली आणि दार कोपराने उघडलं. जिन्यावरून त्याची पावलं हळू उतरत गेली. वाईन हिंदकळू नये म्हणून तो एकेक पायरी जपून उतरत होता, आणि नाकसाहेबांना वर बसून ते ऐकू येत होतं.

बायकोने टेबल आवरायला घेतलं. ताटल्या एकात एक रचल्या, काटे गोळा केले, धाकट्याचा ग्लास उचलला. त्याच्या तळाशी थेंबभर वाईन राहिली होती. ती आत गेली. नळ सुटल्याचा आवाज आला तसे नाकसाहेब खुर्चीतून इतक्या झटक्याने उठले की खुर्ची मागे पडली.

"तो ग्लास धुवू नकोस," ते ओरडले. "राहू दे. तो धुवू नकोस."